हॅशटॅगचा योग्य उपयोग : विकेंद्रित समाजमाध्यमावरील खूणचिठ्ठी

बियाण्याच्या पिशवीस लावलेल्या खूणचिठ्ठीचे महत्त्व शेतकऱ्यास नव्याने सांगावे लागत नाही. पैदासकार बियाण्यास सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्यास पांढरी आणि प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. पिशवीतील दाणा वरून सारखाच दिसला, तरी तो कोणत्या पिढीचा व कोणत्या वाणाचा, हे चिठ्ठीवरूनच कळते. चिठ्ठी गळून पडली की उत्तम बियाणेही निनावी होते. ती चुकीची लागली तर एक संपूर्ण हंगाम हातचा जाण्याचा संभव असतो. समाजमाध्यमांवर लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. तेथे खूणचिठ्ठीचे कार्य हॅशटॅग करतो.

# हे चिन्ह आणि त्यास लागून, मध्ये जागा न सोडता लिहिलेला शब्द, यांस हॅशटॅग म्हणतात. असा शब्द मजकुरात आला की त्याचा आपोआप दुवा बनतो आणि त्या दुव्यावर बोट ठेवताच तोच शब्द योजलेला इतरांचा मजकूर एकत्र दिसू लागतो. एरवी एकमेकांस न ओळखणारी माणसे अशा रीतीने एका विषयाच्या ओट्यावर येऊन बसतात. मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित समाजमाध्यमावर या साधनाचे महत्त्व अधिकच वाढते. त्याची कारणे व योग्य वापराची पद्धत यांचा विचार येथे केला आहे.

हॅशटॅगचा उगम

आयआरसी नावाच्या जुन्या संगणकीय संभाषण-व्यवस्थेत गटांच्या नावापुढे # हे चिन्ह लावण्याची रीत होती. तीवरून क्रिस मेसिना या अमेरिकन तंत्रज्ञाने २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर अशी सूचना केली की, विषयवार गट ओळखण्यासाठी हेच चिन्ह वापरावे. प्रारंभी या सूचनेकडे फारसे लक्ष गेले नाही. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परिसरात मोठे वणवे पेटले, तेव्हा आगीच्या बातम्या देणाऱ्यांनी एक समान हॅशटॅग योजला आणि विखुरलेली माहिती शोधणाऱ्यास एका ठिकाणी सापडू लागली. पुढे २००९ मध्ये ट्विटरने हॅशटॅगचे दुवे बनविण्यास सुरुवात केली. या इतिहासातून घेण्यासारखा बोध असा की, हॅशटॅग हे शोभेचे लेणे नसून संकटकाळी अनोळखी माणसांनी परस्परांस शोधण्याचा तो एक मार्ग आहे.

मॅस्टोडॉनची रचना

मॅस्टोडॉन हे नाव हत्तीशी साम्य असलेल्या एका लुप्त प्राण्याचे आहे. या नावाची मुक्त संगणकप्रणाली ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा एकच एक मालक किंवा एकच एक मध्यवर्ती संगणक नाही. निरनिराळ्या व्यक्ती, संस्था व विद्यापीठे आपापले सर्व्हर चालवितात आणि हे सर्व्हर अॅक्टिव्हिटीपब या समान संकेतावलीच्या आधारे एकमेकांशी व्यवहार करतात. ही संकेतावली जागतिक वेब संघटनेने जानेवारी २०१८ मध्ये मान्य केली. एका गावच्या टपाल कार्यालयात टाकलेले पत्र दुसऱ्या गावी पोचावे, तसाच हा प्रकार आहे. नेदरलंड्सच्या शासनानेही २०२३ मध्ये या जाळ्यात स्वतःचा सर्व्हर उभारला. भारतात या माध्यमाकडे लक्ष वेधले गेले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटर खाते बंद केले गेल्यावर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यानंतर जगभरातून पुन्हा मोठी आवक झाली.

मध्यवर्ती कंपनीच्या समाजमाध्यमात कोणाचा मजकूर कोणापुढे ठेवावयाचा, हे कंपनीची निवडयंत्रणा ठरविते. ती अनोळखी लेखकाचाही मजकूर वाचकासमोर आणून ठेवते. मॅस्टोडॉनवरील मुख्य पानात अशी निवड नसते. ज्यांना वाचकाने फॉलो केले आहे, त्यांचा मजकूर वेळेच्या क्रमाने पुढे येतो. यात वाचकाचे स्वातंत्र्य टिकते, हा मोठा लाभ होय. तथापि नव्याने लिहू लागलेल्या माणसाचा मजकूर अनोळखी वाचकापर्यंत नेणारा दलाल तेथे नाही. शब्दशोधाची सोयही मर्यादित आहे. सप्टेंबर २०२३ मधील ४.२ या आवृत्तीपासून सार्वजनिक मजकुरात शब्द शोधता येतो. परंतु ज्या लेखकांनी त्यास संमती दिली आहे त्यांचाच मजकूर सापडतो, आणि तोही सर्व्हरचालकाने तशी व्यवस्था केली असेल तर. यास्तव अनोळखी वाचकापर्यंत जाण्याचा भरवशाचा रस्ता म्हणून हॅशटॅगच उरतो. ज्याने तो लावला नाही, त्याचा मजकूर त्याच्या ओळखीच्या वर्तुळातच राहण्याचा संभव अधिक.

चिठ्ठी कोठवर पोचते?

हॅशटॅग लावला म्हणजे मजकूर सर्व जगास दिसू लागला, अशी समजूत करून घेणे बरोबर नाही. सर्व्हर हा आपल्याकडे येऊन पोचलेल्या मजकुराचीच यादी दाखवू शकतो. एखाद्या लेखकास ज्या सर्व्हरवरील माणसे फॉलो करतात, त्या सर्व्हरांकडे त्याच्या लेखनाची प्रत जाते. कोणी तो मजकूर बूस्ट केला, म्हणजे पुढे पाठविला, तर बूस्ट करणाऱ्याचे वाचक ज्या सर्व्हरांवर आहेत तेथेही तो पोचतो. काही सर्व्हर रिले नावाच्या सामाईक व्यवस्थेत सामील होऊन परस्परांचा सार्वजनिक मजकूर घेतात. यांपैकी कोणत्याही मार्गाने जो मजकूर आला नाही, तो हॅशटॅगच्या यादीत दिसत नाही. म्हणूनच एकच हॅशटॅग दोन सर्व्हरांवर उघडून पाहिल्यास दोन निराळ्या याद्या दिसतात. पाटाचे पाणी ज्या चारीत सोडले त्याच शेतात जाते, तसे हे आहे.

यावरून तीन व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नवागताने प्रथम आपली ओळख करून देणारा मजकूर लिहावा, त्यास परिचयाचा व आपल्या विषयाचा हॅशटॅग लावावा आणि त्या विषयातील माणसांस फॉलो करावे. संबंध जितक्या अधिक सर्व्हरांशी जुळतील, तितकी आपल्या हॅशटॅगची धाव वाढते. दुसरी अशी की, इतरांचा उपयुक्त मजकूर मुक्तहस्ते बूस्ट करावा. कारण या जाळ्यात वाचकांचे हातच मजकूर पुढे नेतात. तिसरी गोष्ट मजकुराच्या दृश्यतेची. मजकूर पूर्णपणे सार्वजनिक असेल तरच तो हॅशटॅगच्या यादीत येतो. 'फक्त अनुयायांसाठी' किंवा 'यादीबाह्य' अशी निवड केलेल्या मजकुरास कितीही हॅशटॅग लावले, तरी ते व्यर्थ जातात.

शब्दाची निवड

हॅशटॅग हा एकट्याचा नसतो. दहाजणांनी एकच शब्द योजला तरच त्याचा उपयोग. मराठीत ही अडचण विशेष जाणवते, कारण एकाच वस्तूस अनेक नावे आहेत. कापसावरील एकाच किडीस कोणी गुलाबी बोंडअळी म्हणतात, तर कोणी शेंदरी बोंडअळी. मक्यावरील फॉल आर्मीवर्म या किडीचा प्रवास येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. ही कीड मूळची अमेरिका खंडाची. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात तिची भारतात प्रथम नोंद झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तिला कोणी 'अमेरिकन लष्करी अळी', कोणी 'नवीन लष्करी अळी' म्हणतात, तर कोणी इंग्रजी नाव जसेच्या तसे उचलतात. नुसते 'लष्करी अळी' म्हटले, तर या देशात पूर्वीपासून असलेल्या निराळ्या किडीचा बोध होण्याचा संभव आहे. तीन शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात एकाच किडीविषयी तीन निरनिराळे हॅशटॅग लावून लिहिले, तर त्या तीन नोंदी एकमेकींस कधीच भेटत नाहीत. प्रसाराची दिशा ओळखण्याची संधी तेथेच निसटते.

यावर उपाय सोपा आहे. लिहिण्यापूर्वी तो शब्द शोधाच्या चौकटीत टाकून पाहावा. कोणता शब्द आधीपासून रुळला आहे आणि कोणत्या शब्दाखाली ताजा मजकूर आहे, हे पाहून तोच स्वीकारावा. नवा शब्द घडविण्याचा मोह टाळावा. मजकूर परप्रांतीय अभ्यासकांच्याही दृष्टीस पडावा असे वाटत असेल, तर मराठी शब्दाच्या जोडीस किडीचे प्रचलित इंग्रजी नावही द्यावे.

लेखनातील दक्षता

संगणक शब्दाचा अर्थ जाणत नाही. तो अक्षरे जुळवून पाहतो. यास्तव पुढील दक्षता आवश्यक ठरते.

(१) हॅशटॅगमध्ये रिकामी जागा किंवा संयोगचिन्ह चालत नाही. #बोंड अळी असे लिहिल्यास दुवा केवळ 'बोंड' या शब्दाचा बनतो व अळी बाहेर राहते. #बोंडअळी असे सलग लिहावे.

(२) नाव दोनतीन शब्दांचे असल्यास मध्ये अधोरेषा घालावी, उदाहरणार्थ, #अमेरिकन_लष्करी_अळी. इंग्रजीत जोडशब्दातील प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर मोठे लिहितात. त्यामुळे दृष्टिहीन वाचकास मजकूर वाचून दाखविणारे यंत्र ते शब्द वेगळे उच्चारू शकते. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नसल्याने हे काम अधोरेषेकडे येते. मात्र अधोरेषेसह व अधोरेषेविना लिहिलेले हॅशटॅग भिन्न समजले जातात, हे विसरू नये.

(३) शब्द मूळ रूपात लिहावा. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दास चिकटतो व शब्दाचे रूप पालटते. #कापूस आणि #कापसावर हे संगणकाच्या लेखी दोन परस्परांशी संबंध नसलेले शब्द होत. वाक्याच्या ओघात हॅशटॅग गुंफण्याऐवजी ते अखेरीस मूळ रूपात देण्याची पद्धत मराठीस अधिक मानवते.

(४) शुद्धलेखन पाळावे. 'सोयाबीन' व 'सोयाबिन', 'ऊस' व 'उस' यांतील ऱ्हस्वदीर्घाच्या भेदाने याद्या दुभंगतात. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर तर संगणकावर दोन निराळ्या रीतींनी टंकित होते. डोळ्यांस ते सारखे दिसले, तरी आतील संकेत भिन्न असतात. अशा ठिकाणी 'शेतकरी' किंवा 'शेती' हा साधा शब्द योजणे हितावह आहे.

(५) केवळ अंकांचा हॅशटॅग बनत नाही. #२०२५ ऐवजी #खरीप२०२५ असे लिहावे.

(६) मजकूर प्रसिद्ध होताच संपूर्ण शब्दाचा दुवा बनला आहे किंवा नाही, हे एकदा तपासावे. चूक आढळल्यास मजकूर दुरुस्त करण्याची सोय मॅस्टोडॉनवर आहे.

किती हॅशटॅग लावावेत?

खताची मात्रा दुप्पट केल्याने उत्पन्न दुप्पट होत नाही. हॅशटॅगचेही तसेच आहे. सर्वसामान्य मजकुरास दोन ते चार हॅशटॅग पुरेसे होत. त्यांपैकी एक पिकाचा, एक समस्येचा व एक प्रदेशाचा असावा. मॅस्टोडॉनच्या सर्वसाधारण सर्व्हरांवर एका मजकुरास ५०० अक्षरांची मर्यादा असते व हॅशटॅग त्याच मर्यादेत मोजले जातात. शेवटच्या ओळीत केवळ हॅशटॅग असल्यास ४.२ व पुढील आवृत्ती ते मजकुराखाली वेगळ्या पट्टीत मांडते, त्यामुळे वाचनात अडथळा येत नाही. विषयाशी संबंध नसलेला परंतु गाजत असलेला हॅशटॅग लावणे हे दुसऱ्याच्या बांधावर आपली गुरे सोडण्यासारखे आहे. त्या शब्दाच्या आधाराने माहिती शोधणाऱ्याचा वेळ त्यात फुकट जातो, वाचक असा लेखक टाळू लागतात आणि सर्व्हरचालकही त्याची दखल घेऊ शकतो.

वाचकाची बाजू

हॅशटॅगचा लाभ लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्यासही आहे. नोव्हेंबर २०२२ मधील ४.० या आवृत्तीपासून मॅस्टोडॉनवर व्यक्तीप्रमाणेच हॅशटॅगही फॉलो करता येतो. असे केले की त्या शब्दाखालील, आपल्या सर्व्हरवर पोचलेला सार्वजनिक मजकूर मुख्य पानातच येऊ लागतो. डाळिंब उत्पादकाने #डाळिंब हा शब्द फॉलो केल्यास रोज शोध घेण्याचे श्रम वाचतात. अनेक स्तंभांची मांडणी वापरणाऱ्यास एका स्तंभात काही शब्द एकत्र जोडता येतात, किंवा नको असलेला शब्द वगळताही येतो. नको असलेल्या विषयांसाठी गाळणी लावण्याची सोयही आहे आणि ती ठराविक मुदतीपुरतीही ठेवता येते. अर्थात लेखकांनी हॅशटॅग प्रामाणिकपणे लावले, तरच ही गाळणी नीट चालते.

'सोयाबीन' हा शब्द मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत सारखाच लिहितात. अशा वेळी मजकूर लिहिताना भाषा म्हणून 'मराठी' ही निवड करावी, म्हणजे भाषेनुसार निवड करणाऱ्या वाचकाची सोय होते.

नमुन्यादाखल एक नोंद

मक्यावरील अळीविषयी लिहावयाची नोंद पुढीलप्रमाणे असावी :

"मका, पेरणीस पंचवीस दिवस. पानांवर पांढरट, खिडकीसारखे चट्टे. पोंग्यात भुशासारखी ओलसर विष्ठा. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार ठिपके. शंभर झाडे पाहिली, बारा बाधित. तालुका मोहोळ. #मका #अमेरिकन_लष्करी_अळी #सोलापूर"

या नोंदीत पीक, त्याचे वय, लक्षणे, किडीची ओळख, प्रादुर्भावाचे मोजमाप व स्थळ एवढे सर्व आले आहे. सोबत छायाचित्र जोडल्यास त्याचे शब्दांत वर्णनही लिहावे. ज्यांना चित्र दिसू शकत नाही त्यांना ते उपयोगी पडते. याउलट "मक्यावर फार रोग पडला आहे, काय करावे?" अशी नोंद हॅशटॅगविना लिहिल्यास ती जाणकारापर्यंत जाण्याचा योग क्वचितच येतो, आणि गेलीच तर उत्तर देणाऱ्यास प्रथम दहा प्रश्न विचारावे लागतात.

सावधगिरी

ज्या वाटेने उपयुक्त माहिती जाते, त्याच वाटेने चुकीची माहितीही जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधांच्या बाबतीत हलगर्जीपणास किती मोल द्यावे लागते, हे त्यावरून दिसून आले. यास्तव एखाद्या हॅशटॅगखाली सापडलेली औषधाची मात्रा किंवा मिश्रण तसेच उचलू नये. डब्यावरील सूचनापत्रक वाचावे व कृषि विद्यापीठाच्या अथवा कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी. हॅशटॅग विषय सांगतो. मजकुराच्या खरेपणाची हमी तो देत नाही. बियाण्याच्या निळ्या चिठ्ठीमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते, तशी तपासणी हॅशटॅगमागे नसते, हा महत्त्वाचा भेद सदैव ध्यानात ठेवावा.

तसेच सार्वजनिक मजकूर कोणीही वाचू शकतो. एकदा तो इतर सर्व्हरांवर गेला की तेथील प्रत पुसली जाईलच अशी हमी देता येत नाही. सातबाऱ्याचा उतारा, बँकेची कागदपत्रे, दूरध्वनी क्रमांक किंवा शेजाऱ्याच्या शेताचे व घराचे छायाचित्र अशा मजकुरास जोडू नये.

आजच का?

शेतीविषयक मराठी मजकुराची मोठी वर्दळ सध्या व्हॉट्सअॅप व यूट्यूब यांवर आहे, हे खरे. परंतु व्हॉट्सअॅपच्या गटात सकाळी आलेली मोलाची माहिती सायंकाळपर्यंत इतर संदेशांखाली गाडली जाते आणि गटाबाहेरच्या शेतकऱ्यास ती शोधताही येत नाही. सार्वजनिक जागी, योग्य शब्दाखाली नोंदविलेला अनुभव मात्र पुढील हंगामातही सापडू शकतो. विकेंद्रित माध्यमात ही नोंद एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, हा आणखी एक लाभ होय.

शब्द एकदा वेगवेगळे रुळले की ते एकत्र आणणे कठीण जाते. म्हणून जे शेतकरी, अभ्यासक व विस्तार कार्यकर्ते या माध्यमाकडे वळत आहेत, त्यांनी आपल्या भागातील प्रमुख पिके व किडी यांच्यासाठी कोणते शब्द योजावयाचे, हे आपसांत ठरवून घ्यावे. एका कागदावर मावेल एवढी ही यादी असेल. शेतकरी गटाच्या बैठकीत ती वाचावी, सर्वांच्या संमतीने निश्चित करावी आणि मग तीच कटाक्षाने पाळावी. पुढील खरिपात एखादी नवी कीड शिवारात उतरली, तर तिची पहिली नोंद ज्याच्या हातून होईल त्याने कोणता शब्द लिहावयाचा, हे त्यास आधीच ठाऊक असेल. आणि शेजारच्या तालुक्यातील शेतकऱ्यास तो शब्द शोधताच ती नोंद आपल्या पिकाची पाहणी करण्यास पुरेशा अवधीत हाती लागू शकेल.